मेडिकलवर घरी आलेला रंगरूट

कामठीची छावणी १८२१ ची. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळे नागपूरच्या पोरांना फौज लहानपणापासून डोळ्यांसमोर दिसते. पहाटे मैदानावर १.६ किलोमीटरची वेळ लावणारी मुलं वस्तीवस्तीत आहेत. भरती झाली की गल्लीत फटाके फुटतात. ट्रेनिंगमधून मेडिकलवर, म्हणजे तब्येतीमुळे फौजेतून सुटून, परत आलेल्या पोराबद्दल मात्र सगळे हळू आवाजात बोलतात. माझा भाचा असा परत आला, तेव्हा पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेली काळी ट्रंक त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवली. ताई रोज ती पुसायची आणि पुन्हा तशीच ठेवायची.

"खरंच पाय दुखत होता, की पोट्टं पळून आलं?" असं विचारणारे भेटलेच.

हा संशय फार जुना आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली. हाडाला तडा गेलाय हे त्याला कळलं नाही. कळणार तरी कसं, क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा. १८९७ मध्ये ती चीर एक्स-रेवर दिसली. म्हणजे दुखणं खरं होतं, पण ते दिसायला ४२ वर्षं लागली. तेच आजचं स्ट्रेस फ्रॅक्चर. अंगावर एकदम भार वाढला की हाड आधी झिजतं आणि मग नव्याने भरतं. झीज वेगाने होते, भर सावकाश पडते, आणि मधल्या आठवड्यांत रोजची दौड चालूच असते. सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा काहीच दिसत नाही. भाचा एकदा म्हणाला, "मामा, फिल्म साफ आली तेव्हा मलाच वाटलं, मी कमी पडतोय." हे ऐकल्यावर घरात कुणी 'जरा सहन केलं असतं तर' असं म्हटलं नाही.

लष्करात तब्येत 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांवर मोजतात: मन, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे. रंगरूट आजारी पडला की उपचार, आराम, मागच्या बॅचमध्ये जाणं, आणि तरीही जमलं नाही तर मेडिकल बोर्ड, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांची समिती. त्यातून मिळतो तो डिस्चार्ज, म्हणजे नोकरीतून सुटका. बडतर्फी ही शिक्षा आहे, आणि १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये ती वेगळी आहे. नातेवाइकांना हे स्पष्ट सांगावं, एकदा नव्हे, दहादा.

दुखणं कोणामुळे, हा वाद कोर्टातही बरीच वर्षं चालला. धरमवीर सिंग हे जवान १९८५ मध्ये भरती झाले, फिट्स येतात म्हणून नऊ वर्षांनी घरी पाठवले गेले, आणि आजार प्रकृतीचाच आहे असं सांगून त्यांचं अपंगत्व पेन्शन नाकारलं गेलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: भरतीच्या कागदांवर दुखण्याची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, आणि सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही.

२०२२ च्या अग्निपथनंतर, म्हणजे चार वर्षांच्या भरतीच्या योजनेनंतर, हिशेब बदलला. अग्निवीराला पेन्शन नाही. अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं असं ठरलं तर ५०, ७५ किंवा १०० टक्क्यांप्रमाणे १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी मदत मिळते. मला हे अन्यायाचं वाटतं.

ताईने आता एमआय रूमची, म्हणजे फौजेच्या दवाखान्याची, प्रत्येक चिठ्ठी, बोर्डाच्या कागदांची प्रत आणि भरतीच्या वेळचं मेडिकल एका फाइलमध्ये लावलंय. भरतीच्या कागदावर पायांबद्दल एकही शेरा नाही. पोरगं घरून निघालं तेव्हा धडधाकट होतं, आणि ते फौजेच्याच डॉक्टरने सही करून लिहून दिलंय.