पुलाची तक्रार मोबाइलवरून करताय? आधी पूल कुणाचा ते बघा

महाडजवळचा सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात गावोगावच्या पुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. नुसतं फिरवून काही होत नाही, तक्रारीला नंबर पडावा लागतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी केंद्राचं ‘मेरी सडक’ ॲप 2015 पासून आहे. तक्रार कुणीही करू शकतं. सातबारा नको, सरपंचांचं पत्र नको. नाव-नंबर, जिल्हा-तालुका, फोटो, झालं.

घोडं अडतं ते ‘पूल कुणाचा’ इथे. आपण म्हणतो ओढ्यावरचा पूल. कागदावर तो ग्रामा (ग्रामीण मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग), प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) असा काहीतरी असतो. जवळचा किलोमीटरचा दगड बघा. डोकं केशरी तर ग्रामीण रस्ता, हिरवं तर राज्य मार्ग, पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग (तिथे महामार्गाची हेल्पलाइन 1033 लावा). दगडावर कुणीतरी जाहिरात रंगवली असेल, तर योजनेचा फलक शोधा. त्यावरची काम पूर्ण झाल्याची तारीख टिपून घ्या, कारण पुढची 5 वर्षं देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात असते. आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून गाड्या नेत असाल, तर तो मुळात पूलच नाही! तो पाटबंधारे खात्याचा, सडकवाले हात झटकणारच.

फोटो पुलावर उभं राहून, लोकेशन चालू ठेवून काढा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद उरत नाही. नदीचा देखावा नको. उघडे पडलेले गज, तुटलेला कठडा, खांबाच्या पायथ्याची वाहून गेलेली माती दाखवा. भेगेशेजारी पेन ठेवलं की रुंदी कळते. पूर असेल तर खाली उतरू नका. पूल हलतोय असं वाटलं तर ॲप राहू द्या, 112 किंवा 1077 (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष) ला फोन करा आणि वाहनं अडवा.

सात दिवसांत उत्तर येतं, पण ते बहुधा अंतरिम असतं. लोक ते वाचून ‘फेटाळली’ म्हणून ॲप काढून टाकतात. अहो, अंतिम उत्तराला 60 दिवसांपर्यंत मुदत असते. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

तरीही सामसूमच असेल तर माहिती अधिकार. अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, हे विसरल्यामुळे चांगले अर्ज परत येतात. पुलाचं गाऱ्हाणं त्यात लिहू नका. ‘शेवटच्या पाहणीच्या अहवालाची प्रत द्यावी’ एवढंच मागा.