मॅक्सी स्कूटर: आवाज आधी, वेग मागाहून

सुरत-नागपूर हायवेवर एरंडोल, पारोळा, भुसावळ या बाजूंनी जळगावला नाहीतर धुळ्याला रोज अपडाऊन करणारे मास्तर, बँकवाले, एमआयडीसीतले कामगार हल्ली मॅक्सी स्कूटरबद्दल विचारू लागले आहेत. रेल्वेचा पास स्वस्त पडतो, पण ड्यूटी सुटायची वेळ आणि गाडीची वेळ जुळेल तर शपथ. मग कोणीतरी शोरूममधून टेस्ट राइड घेऊन येतो आणि वैतागून सांगतो, "गाडी नुसती बोंबलस, पयत नई."

त्याच्या कानाचा दोष नाही. मॅक्सीत आवाज खरोखरच आधी येतो आणि वेग मागाहून. पण एवढ्यावर गाडीला नाव ठेवण्यात अर्थ नाही. रोजच्या साठेक किलोमीटरसाठी कोणती मॅक्सी घ्यावी, याचं निम्मं उत्तर त्या आवाजातच आहे.

मॅक्सी म्हणजे काय? पुढे काच, पाय लांब करता येतील असा फूटबोर्ड, रुंद सीट आणि भरपूर प्लास्टिक. आपल्याकडे मिळणाऱ्या बर्गमन स्ट्रीट, एरॉक्स वगैरे गाड्यांचं हे प्लास्टिक उतरवलं, तर आत ॲक्टिव्हाच्याच जातीची यंत्रणा निघते: व्हेरिएटर (आपोआप लहान-मोठी होणारी पुली), बेल्ट आणि क्लच. ही कल्पना काही आजची नाही. नेदरलँड्समधल्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्यांवर चालणारी मोटारगाडी लोकांसमोर आणली होती. ती पुढे जेवढी पळे, तेवढीच मागेही पळू शके! आपल्याकडे ऐंशीच्या दशकात किनेटिक होंडाने चेतकवाल्यांना गिअर विसरायला शिकवलं, तेही याच तत्त्वावर.

आता डाव्या बाजूचं ते लांबट कव्हर उघडू. आत दोन पुल्या दिसतात, पुढची इंजिनाची, मागची चाकाकडची, आणि दोन्हींवर एकच जाड, दातेरी बेल्ट. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन निमुळत्या तबकड्या. तबकड्या लांब असतील तर बेल्ट मधे खोल उतरतो आणि पुली लहान असल्यासारखी वागते. त्या जवळ आल्या की बेल्ट काठाकडे चढतो आणि पुली मोठी होते. बेल्टची लांबी ठरलेली, म्हणून पुढे तो चढला की मागे त्याला तिथल्या तबकड्या आवळून धरणाऱ्या स्प्रिंगला न जुमानता खाली उतरावंच लागतं. सुरुवातीला इंजिनाचे साधारण अडीच फेरे झाले की मागची पुली एकदा फिरते, शेवटी तीच इंजिनापेक्षा जास्त फिरू लागते. मधले सगळे गिअर एकाही खटक्याशिवाय पार पडतात.

पण तबकड्या जवळ आणतं कोण? ना संगणक, ना मोटर. पुढच्या पुलीच्या पाठीमागे सहा खाचांमध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान असे सहा रोलर ठेवलेले असतात. ज्वारीच्या मळ्यात पाखरं हाकायला गोफण फिरवली की दगड जसा बाहेर ओढ घेतो, तसे हे रोलर बाहेर सरकतात, उतरत्या भिंतीत पाचरीसारखे घुसतात आणि तबकडीला ढकलतात. आता गणित पाहा. रोलर १० ग्रॅमचा, आसापासून ३ सेंटिमीटरवर, इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर. शाळेतलं सूत्र घातलं (वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार) तर बल येतं सुमारे ११८ न्यूटन, म्हणजे जवळपास १२ किलो वजनाएवढं. दहा ग्रॅमच्या तुकड्याने बारा किलोचा रेटा द्यायचा, आणि असे सहा! फेऱ्या निम्म्या केल्या तर हा रेटा निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो. सगळी गंमत त्या वर्गात आहे. फेऱ्या जरा वाढल्या की रेटा इतका वाढतो की तबकडी लगेच सरकते, बेल्ट चढतो, इंजिनावर भार येतो आणि फेऱ्या पुन्हा जागेवर येतात. म्हणून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की इंजिन एका फेरीसंख्येवर जाऊन तिथेच सूर धरून बसतं आणि वेग त्याच्या मागून चढतो. बोंबलण्याचं कारण हे आहे.

हा सूर कायमचा नसतो. बेल्ट पुढच्या पुलीच्या काठाला पोचला की चढायला जागा उरत नाही. तिथून पुढे तुमची स्कूटर एका गिअरची गाडी असते आणि वेग वाढेल तशा फेऱ्याही वाढत जातात. टेस्ट राइडला मोकळ्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि सूर पुन्हा कधी चढायला लागतो ते ऐका. तेव्हा स्पीडोमीटरचा काटा कुठे होता ते ध्यानात ठेवा. तुमचा रोजचा वेग त्या आकड्याच्या फार पुढे असेल, तर ते इंजिन रोज तासभर किंचाळतच राहणार.

याला शक्तीचा हिशेब जोडू. हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ६० वरून ८० वर गेलात तर ती सुमारे २.४ पट होते. मॅक्सीवर काचेमागे बसलेल्या एका माणसासाठी, टायरचा विरोधही धरून ढोबळ हिशेब मांडला, तर ६० ला चाकाशी पावणेतीन अश्वशक्ती पुरते, ८० ला साडेपाच-सहा लागते. शिवाय मधे बेल्ट आपला वाटा खातो. बर्गमन स्ट्रीट १२५ चं इंजिन देतं सुमारे साडेआठ, एरॉक्स १५५ चं सुमारे १५. म्हणजे पहिली ८० ला जवळजवळ सगळा जोर लावून पळते, दुसरीकडे बराच हात राखून असतो. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकला की जानेवारीतल्या १५ अंशांच्या पहाटेपेक्षा हवा दहाएक टक्के विरळ होते आणि इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. तुम्ही पन्नास-साठनेच जाणारे असाल तर मात्र १२५ ला काहीच हरकत नाही. उगाच जास्त पैसे घालू नका.

ॲव्हरेजसाठी जड रोलर टाकून देणारे मिस्त्री गावोगाव आहेत. रेट्याचं सूत्र तेच. रोलर १२ चे १० ग्रॅम केले, तर तोच रेटा मिळायला फेऱ्या साडेनऊ टक्क्यांनी वाढाव्या लागतात. पिकअप सुधारतो, पेट्रोल वाढतं. जड केले तर उलट, आणि चढावर गाडी दमते. यामागे निदान भौतिकशास्त्र तरी आहे. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधून ॲव्हरेज वाढतं म्हणणाऱ्यांकडे तेवढंही नाही. पेट्रोलवर त्या चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही. हँडलला टांगलेल्या लिंबू-मिरचीइतकंच ते कामाचं, आणि लिंबू-मिरची स्वस्त तरी असते.

चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना यंत्रणेतली दुसरी करामत दिसते. मागच्या पुलीत तिरप्या खाचा असतात. चढावर चाक अडू लागलं की इंजिनाच्या ओढीने त्या खाचा पुलीच्या तबकड्या आवळतात, बेल्ट मागे वर चढतो आणि गिअर आपोआप खाली येतो. उतरताना मात्र जपा. वेग फार कमी झाला की क्लच सुटतो, इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तेवढ्यापुरता ॲक्सिलरेटर किंचित दिला की क्लच पुन्हा धरतो.

लिक्विड कूलिंग आहे म्हणून गाडी आपल्या उन्हात तापणार नाही, हा आणखी एक गैरसमज. रेडिएटर सिलिंडरला गार ठेवतो, बेल्टला नाही. बेल्टच्या खोलीत पुढच्या पुलीवरची पाती बाहेरची हवा ओढतात. बाहेर ४५ अंश असेल तर बेल्टला तीच ४५ अंशांची हवा मिळते, शिवाय काळ्या मातीची बारीक धूळही. हवेच्या तोंडाशी फिल्टर असेल तर तो साफ करून घेत जा. घसरता बेल्ट आणखी तापतो, तापला की रबर कडक होतं आणि मग तो जास्तच घसरतो.

चाकांबद्दल थोडक्यात. दहा सेंटिमीटर उंच कडेवर चढताना १४ इंची चाकाला १० इंचीपेक्षा साधारण वीस टक्के कमी आडवा रेटा लागतो, आणि गावाकडच्या फाट्यावर वळल्यावर तो फरक कमरेला कळतो. बहुतेक छोट्या मॅक्सीत इंजिन आणि बेल्टचं खोकं मागच्या चाकाबरोबरच वरखाली हलतं, म्हणून मागे धक्का जरा बसतोच. रुंद सीटवर जाऊ नका, शॉकॲब्सॉर्बर बघा. एरॉक्ससारख्या गाडीत पायांच्या मधून उंचवटा येतो. तिथे गॅसची टाकी काय, केळीचा घडही उभा राहत नाही. ज्याला घरी जाताना बाजार न्यायचा आहे, त्याने सपाट फूटबोर्ड बघावा.

बेल्ट साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलायला बऱ्याच कंपन्या सांगतात. रोज साठ किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर अठरा हजार झाले, म्हणजे साधारण सव्वा वर्षातच बदल आला. बेल्ट तुटला की साखळीसारखी कडी जोडून गाडी घरी नेता येत नाही, ढकलावीच लागते. तेव्हा पैसे मोजण्याआधी शोरूमवाल्याला बेल्ट-रोलरची किंमत विचारा, आणि तो माल तुमच्या चोपड्यात-यावलला मिळतो की जळगावहून मागवावा लागतो, हेही.