व्यायाम पाऊण तास, बसणं दीड तास : मुंबईच्या जिममधल्या रेंगाळण्याची पार्श्वभूमी

मुंबईतल्या जिमचालकांची एक तक्रार कायमची आहे. लोक मशीनवर जितका वेळ असतात, त्याहून जास्त वेळ रिसेप्शनजवळच्या सोफ्यावर, लॉकर रूममधल्या बाकावर नाहीतर पाण्याच्या मशीनपाशी घालवतात. घाम सुकतो, शेक संपतो, तरी गप्पा चालूच. या बसण्याला मुंबईत शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा मोठा भाग घराच्या आकाराने ठरवला आहे.

त्याआधी शरीराचं कारण सांगायला हवं, कारण ते तालमीपासून माहीत होतं. हौद्यातली लाल माती तेल, हळद, ताक घालून मळलेली असायची. जोर-बैठका आणि कुस्ती झाली की वस्ताद पोरांना लगेच बाहेर सोडत नसत. अंग निवू द्यायचं, घाम अंगावर असताना वाऱ्याला जायचं नाही, डोक्यावर पाणी घ्यायचं नाही. आज शरीरशास्त्रही जवळपास तेच सांगतं. व्यायामात पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. एकदम थांबलं तर रक्त खाली साचतं, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येऊ शकते. नंतरही तासभर, कधी त्याहून जास्त, रक्तदाब थोडा उतरलेलाच राहतो. त्यामुळे अंगाला सैलावलेपण येतं. पण यातून पंधरा-वीस मिनिटांचं बसणं समजतं. पुढचा तास समजायला शहराकडे बघावं लागतं.

जिमखान्यांबद्दल फार लिहीत नाही. १८७५ पासून फोर्टात साहेबांचा, मग मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर एकेका समाजाचा, असे ते उभे राहिले. व्हरांडे, वेताच्या खुर्च्या, समोर हिरवळ. खेळून झाल्यावर बसायची सोय तिथे पहिल्यापासून होती, पण ती सभासदांसाठी. बाकीच्या मुंबईला बसायला मिळालं ते व्यायामशाळेत.

१९०१ च्या जनगणनेच्या अहवालात नोंद आहे की बेटावरची ८० टक्के वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडात राहते आणि दर खोलीत सरासरी चार ते पाच माणसं असतात. ही सरासरी. गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा या पट्ट्यात, गाववाल्यांच्या खोलीवर दहा-पंधरा पुरुष असणं नवलाचं नव्हतं. खोली पाळीने वापरली जायची. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी परत यायचा, तेव्हा रातपाळीवाला अजून झोपलेला असायचा. जेवण खाणावळीत, सामान खुंटीला नाहीतर ट्रंकेत, आणि पाठ टेकायला जागा होईपर्यंत काढायचे चार-पाच तास बाहेर. हे तास नाक्यावर जायचे, चाळीच्या कठड्यावर जायचे, आणि ज्यांना दारूच्या गुत्त्यापासून लांब राहायचं होतं त्यांचे व्यायामशाळेत.

म्हणून गिरणगावातली व्यायामशाळा नुसती डंबेल्सची खोली कधीच नव्हती. दारावर ‘व्यायामशाळा व वाचनालय’ अशी जोडपाटी असायची. आत मारुतीची तसबीर, करेला, मुद्गल, मल्लखांब; बाहेरच्या पडवीत वर्तमानपत्रं, कॅरम आणि एक लांब बाक. गणेशोत्सवाच्या बैठका तिथेच, गोविंदाचा सराव तिथून, लेझीम तिथे, कबड्डीचा संघ तिथला. गिरणीत कुठे जागा निघाली आहे, गावाकडे कोण जाणार आहे, कुणाकडे पैसे पाठवायचे, संपाचं काय चाललंय, हे सगळं त्या बाकावर कळायचं. वस्तीतल्या दादांचंही बस्तान अनेकदा तिथेच असायचं आणि मारामाऱ्यांचे बेत तिथून शिजायचे, हेही खरं आहे. त्या बाकावर बाई मात्र बसलेली नसायची. तिच्या वाट्याला नळाची रांग आणि चाळीची गॅलरी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधीच आत गेले नाहीत. भोंगे थांबले, पाळ्या थांबल्या. व्यायामशाळेचे बाक काही वर्षं अधिकच भरलेले होते, कारण घरात बसून दिवस काढणं पुरुषाला जड जात होतं. मग वर्गणी थकली, माणसं गावी गेली किंवा डोंबिवली-विरारकडे सरकली.

इथून पुढे मुद्दा जमिनीचा येतो. आजच्या जिममधल्या सोफ्याची गोष्ट त्याच्याशिवाय अपुरी आहे, म्हणून तो सविस्तर.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लोअर परळमधल्या एका गिरणीच्या आवारात कामगारांसाठी करमणूक आणि क्रीडा केंद्र म्हणून परवानगी घेतली गेली आणि तिथे बोलिंग अ‍ॅली उभी राहिली. एका खेळाचे पैसे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे. आंदोलनं झाली, वर्तमानपत्रांतून लिहून आलं, पण वास्तू राहिली आणि आवार वाढत गेलं. गिरणगावात हा प्रसंग लोक अजून विसरलेले नाहीत. कामगाराच्या विरंगुळ्याच्या नावाने मिळालेली जागा त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वर्गाच्या विरंगुळ्याला गेली होती.

त्यापेक्षा मोठा निर्णय २००१ चा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तरतूद अशी होती की गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश जागा महापालिकेला मोकळी द्यायची, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीला, आणि उरलेली मालकाची. गिरण्यांची एकूण जमीन सहाशे एकरांच्या आसपास. तिचा एक तृतीयांश वाटा म्हणजे सुमारे दोनशे एकर मैदानं आणि बागा, तीही शहरातल्या सर्वांत दाट वस्तीच्या मधोमध. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त तेव्हा रिकाम्या असलेल्या जमिनीची होणार होती. गिरणीच्या शेडखालची जमीन, शेड पाडल्यावरसुद्धा, हिशेबाबाहेर. गिरणीच्या आवारात शेडच जास्त, त्यामुळे शहराच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाच्या विरोधात निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला.

बदलाच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद असा होता की जुन्या नियमाखाली मालक पुढेच येत नव्हते, जमिनी पडून होत्या, आणि त्या मोकळ्या झाल्या तर कामगारांची थकलेली देणी भागतील. देण्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण मोकळी जागा एकदा गेली की परत मिळत नाही, आणि परळ-लालबागच्या माणसाला संध्याकाळी पैसे न देता बसता येईल असं ठिकाण त्या निर्णयाने कायमचं कमी केलं. दादरच्या माणसाला निदान १९२५ पासून खुलं असलेलं शिवाजी पार्क आहे, त्याच्या कडेचा कट्टा आहे. लालबागकराला तेवढं मिळू शकलं असतं.

त्याच जमिनींवर टॉवर, ऑफिसं, मॉल आणि त्यांच्यात एसी जिम आल्या. २००० नंतर मोठ्या साखळ्या आल्या तेव्हा त्यांनी स्टीम रूम, ज्यूस काउंटर आणि सोफे मुद्दाम ठेवले, कारण विकायची वस्तू सदस्यत्व होती आणि सदस्याला रोज यावंसं वाटणं गरजेचं होतं. मुंबईकरांनी त्या सोयी आपल्या गरजेला जुंपल्या. बऱ्याच इमारतींत पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, तेव्हा आंघोळ जिममध्ये उरकून थेट ऑफिस गाठणारे पुष्कळ. संध्याकाळी सहा ते आठ लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, ती गर्दी ओसरेपर्यंत सोफ्यावर थांबणारे त्याहून जास्त. आणि दुपारच्या लेडीज बॅचला व्यायामानंतर जो अर्धा तास मिळतो, त्यात कुणी चहा मागत नाही, कुणी हाक मारत नाही. व्यायामशाळेच्या बाकावर जागा नसलेल्या बाईला ती इथे फी भरून का होईना मिळाली. जिममधल्या रेंगाळण्यातलं मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर सर्वांसाठी ओपन जिम बसवली गेली. उद्घाटनानंतर लगेचच परवानगीच्या कारणावरून पालिकेनेच ती उचलली, वाद पेटला आणि ती परत आली. नंतर शहरभर बागांतून तशी उपकरणं दिसू लागली. जिथे शेजारी बाक किंवा कठडा आहे तिथे संध्याकाळी माणसं असतात.

२०२० मध्ये बसण्याचा प्रश्न सरकारी आदेशातच आला. मार्चपासून बंद असलेल्या जिम राज्यात दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, उघडल्या. पण स्टीम, सॉना, झुम्बा आणि सामूहिक योग यांना मनाई होती. साथीच्या काळात तसं करणं भागच होतं. माणसं मात्र इमारतीखाली, गाडीच्या बॉनेटला टेकून, मास्क लावून थांबायचीच.

सध्या हा विषय सोसायट्यांच्या सभांमध्ये आहे. विकास नियमांत इमारतीच्या फिटनेस सेंटरला चटईक्षेत्रातून, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मोजणीतून, सूट मिळते, पण जागा त्याच कामासाठी वापरायची अशी अट असते. त्यावर बोट ठेवून काही सोसायट्या तिथल्या खुर्च्या काढतात आणि व्यायाम झाला की निघा असा फलक लावतात. इकडे वरळीच्या बीडीडी चाळींतली कुटुंबं १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून ५०० चौरस फुटांच्या घरांत जाऊ लागली आहेत. पहिल्या ५५६ जणांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. घर तिप्पट झालं आणि चाळीचा सामाईक पॅसेज गेला. अशा टॉवरमध्ये व्यायामाची खोली आखताना बाहेर एक लांब बाक धरायचा की नाही, हे नकाशा मंजूर होण्याआधी विचारलं पाहिजे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या रहिवाशांनी ते आत्ताच विचारावं.