पेटंट माहितीचा शोध

पेटंट माहितीचा शोध : एखादी तांत्रिक कल्पना आधी कुणी मांडली आहे का, तिच्यावर कुणाचा हक्क चालू आहे का, किंवा एखाद्या क्षेत्रात कोण काय करत आहे, हे प्रसिद्ध झालेल्या पेटंट-दस्तऐवजांतून पद्धतशीरपणे हुडकून काढण्याचे काम. पेटंट हा मुळात एक सौदा आहे. शोधकर्त्याला ठरावीक मुदतीची मक्तेदारी मिळते. बहुतेक देशांत ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. त्याच्या बदल्यात त्याला आपला शोध इतक्या तपशिलाने उघड करावा लागतो की त्या विषयातल्या जाणकाराला तो करून पाहता यावा. या सौद्यातून तंत्रज्ञानाचा अफाट संग्रह उभा राहिला आहे. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेट या मोफत संकेतस्थळावरच १५ कोटींहून अधिक दस्तऐवज आहेत आणि त्यांतला बराचसा मजकूर पुस्तकांत वा नियतकालिकांत कधीच येत नाही.

संग्रह सर्वांना खुला आहे, पण त्यातला नेमका कागद हाती लागणे अवघड असते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या १८७६ च्या अमेरिकी पेटंटाचे (क्र. १,७४,४६५) शीर्षक ‘तारायंत्रातील सुधारणा’ असे आहे; त्यात टेलिफोन हा शब्द नाही. डग्लस एंगलबार्ट यांनी संगणकाच्या माउससाठी १९७० मध्ये मिळवलेल्या पेटंटाच्या शीर्षकात ‘दर्शक यंत्रणेसाठी एक्स-वाय स्थितिदर्शक’ असे लिहिले आहे. वेल्क्रोचे जनक जॉर्ज द मेस्त्राल यांचे १९५५ चे अमेरिकी पेटंट ‘मखमली प्रकारचे कापड व ते तयार करण्याची पद्धत’ या नावाने नोंदले गेले. याची कारणे दोन. शोध नवा असतो तेव्हा त्याचे नाव रूढ झालेले नसते, हे एक. दुसरे कारण कायदेशीर : मसुदा लिहिणारा वकील शब्द मुद्दाम ऐसपैस निवडतो, म्हणजे हक्काची व्याप्ती वाढते. मग पेनचे ‘लेखनसाधन’ होते आणि स्क्रूचे ‘जोडणीचे साधन’. त्यामुळे नुसता नेहमीचा शब्द टाकून केलेला शोध हा शोध नव्हेच, असे या कामातली अनुभवी माणसे म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

शोधाचा हेतू : काय शोधायचे आहे, यावर सगळे काही अवलंबून असते आणि नवख्यांची सर्वांत मोठी गल्लत इथेच होते. कल्पना नवी आहे का, हे पाहायचे असेल तर जगातला कोणताही देश, कोणतीही भाषा, कितीही जुना काळ चालतो. आधीचे हे सगळे ज्ञान म्हणजे ‘प्रायर आर्ट’. केव्हाच मुदत संपलेले किंवा नाकारलेले अर्जसुद्धा त्यात धरले जातात. उलट, एखादी वस्तू बाजारात आणली तर कुणाच्या हक्काचा भंग होईल का, हे तपासायचे असेल (याला ‘फ्रीडम टु ऑपरेट’ शोध म्हणतात), तर पेटंट ज्या देशात माल बनवायचा वा विकायचा आहे तिथले आणि आजही जिवंत असले पाहिजे, आणि त्यातला वाचायचा भाग म्हणजे दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी कलमे. वर्णनात लेखकाने शंभर गोष्टी सांगितल्या असतील, पण हक्क फक्त दाव्यांपुरता असतो. पहिल्या शोधात एक नेमका कागद सापडला की काम फत्ते होते. दुसऱ्यात एकही सुटून चालत नाही. दुसऱ्याचे पेटंट रद्द करण्यासाठी पुरावा शोधणे हा तिसरा प्रकार. त्यात खटल्याचा पैसा पणाला लागलेला असल्याने शोध फार खोलवर जातो. एखाद्या क्षेत्राचा नकाशा काढणे, म्हणजे कोणत्या कंपन्या कुठे अर्ज करत आहेत हे पाहणे, हा चौथा. तो आकडेवारीच्या अंगाने जातो.

दस्तऐवजाची ओळख : पेटंटाच्या पहिल्या पानावर कंसात दोन अंकी आकडे दिसतात. हे इनिड संकेत, म्हणजे पानावरची कोणती नोंद कशाची हे सांगणारे आंतरराष्ट्रीय आकडे होत. जपानी किंवा कोरियन पान समोर आले आणि लिपी ओ की ठो कळत नसली तरी (५४) समोर शीर्षक, (७१) समोर अर्जदार, (७२) समोर शोधकर्ता, (५१) समोर आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आणि (५६) समोर उद्धृत कागद हे ओळखता येते. क्रमांकाच्या पुढची अक्षरेही बोलकी असतात. युरोपीय कागदावर ए१ असेल तर तो शोध-अहवालासह (अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाने हुडकलेल्या आधीच्या कागदांच्या यादीसह) प्रसिद्ध झालेला अर्ज, ए२ म्हणजे अहवालाविना, बी१ म्हणजे मंजूर पेटंट. अर्जाला मंजूर पेटंट समजून घाबरून जाणारे पुष्कळ असतात. ते एका अक्षराकडे पाहत नाहीत. जुन्या जपानी क्रमांकांत २००० पूर्वी सम्राटांच्या कालगणनेचे वर्ष असे, त्यामुळे ‘एच११’ने सुरू होणारा क्रमांक १९९९ चा असतो. हे ठाऊक नसेल तर क्रमांक अचूक असूनही कागद सापडत नाही.

शब्द आणि वर्ग : शब्दांनी सुरुवात करायला हरकत नाही, मात्र कल्पनेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचे पर्यायी शब्द गोळा करावे लागतात. एकाच तुकड्याचे पर्याय ‘ऑर’ने आणि वेगवेगळे तुकडे ‘अँड’ने जोडतात. ‘नॉट’ शक्यतो टाळावा. नको असलेल्या शब्दाबरोबर हवा असलेला कागदही तो बाहेर फेकतो. शब्दाच्या शेवटी तारांकित चिन्ह लावले की त्याची सगळी रूपे येतात. काही प्रणालींत दोन शब्द एकमेकांपासून किती अंतरात असावेत हेही सांगता येते आणि लांबलचक पेटंट-मजकुरात हीच सोय सर्वाधिक कामी येते.

खरा आधार वर्गीकरणाचा. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारानुसार आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण (आयपीसी) अस्तित्वात आले. त्यात ए ते एच असे आठ विभाग आणि ७० हजारांहून अधिक उपविभाग आहेत. युरोपीय व अमेरिकी कार्यालयांनी १ जानेवारी २०१३ पासून त्याचेच बारीक रूप असलेले सहकारी पेटंट वर्गीकरण (सीपीसी) सुरू केले. त्यात सुमारे २.५ लाख कप्पे आहेत. जपानची एफ-टर्म पद्धत एकाच शोधाकडे साहित्य, हेतू, रचना अशा अनेक बाजूंनी पाहते. वर्ग परीक्षकाने मजकूर समजून घेऊन दिलेला असतो, म्हणून त्याला भाषेची किंवा वकिली शब्दांची अडचण येत नाही.

उदाहरण घेऊ. वाऱ्याने उलटी न होणारी, कापडाचे दोन थर व मध्ये हवा जायला फट असलेली छत्री कुणाला सुचली आहे. इंग्रजीत ‘विंडप्रूफ अम्ब्रेला’ शोधले की काही कागद मिळतात, पण छत्रीला कुणी पॅरासोल, कुणी सनशेड, कुणी कॅनपी म्हटलेले असते. पहिल्या वीस-पंचवीस कागदांतले जे तीन-चार खरोखर जवळचे वाटतात त्यांचे वर्ग पाहावेत. ए४५बी हा वर्ग काठ्या, छत्र्या व पंख्यांचा. त्यात २५ हा गट छत्रीच्या भागांचा आणि २५/२२ हा नेमका वाऱ्याला टिकाव धरण्याच्या साधनांचा. आता शब्द सोडून हा कप्पा उघडला की छत्रीला कोणत्याही नावाने हाक मारणारे कागद एकत्र दिसतात. फार असतील तर ‘व्हेंट’, ‘फ्लॅप’, ‘डबल लेयर’ यांसारखे शब्द वापरून ते चाळून घ्यावेत. काम इथे संपत नाही. तंबू व मांडव ई०४एच १५ मध्ये आहेत आणि पॅराशूट बी६४डी १७ मध्ये. पॅराशूटच्या माथ्यावरचे हवा सोडणारे छिद्र जुने आहे, आणि परीक्षक ते साध्या छत्रीशेजारी ठेवून ‘यात नवे कल्पक असे काय?’ असे विचारू शकतो. शेजारच्या क्षेत्रात डोकावणे हा भाग यंत्रापेक्षा माणसाला चांगला जमतो.

उद्धरणे आणि कुटुंबे : एक चांगला कागद सापडला की त्याच्या धाग्याने दोन्ही दिशांना जाता येते. त्यात उद्धृत केलेले कागद मागे नेतात. त्याला उद्धृत करणारे पुढे. शोध-अहवालात परीक्षक प्रत्येक कागदासमोर अक्षर लिहितो. एक्स म्हणजे हा एकटाच कागद नावीन्य किंवा कल्पकता खोडून काढतो, वाय म्हणजे दुसऱ्या कागदाच्या जोडीने खोडतो, ए म्हणजे नुसती पार्श्वभूमी. परक्याने पगार घेऊन केलेला हा शोध फुकट वाचायला मिळतो, तो न वाचता स्वतःच पहिल्यापासून खणत बसण्यात शहाणपण नाही.

एकाच शोधासाठी अनेक देशांत अर्ज होतात. १८८३ च्या पॅरिस करारानुसार आज पहिल्या अर्जानंतर १२ महिन्यांत इतर देशांत अर्ज करून पहिलीच तारीख टिकवण्याची मुभा आहे. त्या ‘प्रायॉरिटी’ तारखेने बांधलेल्या कागदांना पेटंट-कुटुंब म्हणतात. १९७२ मध्ये व्हिएन्नात स्थापन झालेल्या आणि पुढे युरोपीय कार्यालयाकडे आलेल्या इनपाडॉक संग्रहामुळे ही कुटुंबे जुळवता येतात. याचा रोजचा उपयोग साधा आहे : चिनी कागद वाचता येत नसेल तर त्याच कुटुंबातला इंग्रजी भाऊबंद शोधावा. मात्र दावे देशागणिक बदलतात, तेव्हा अमेरिकेतले दावे वाचून युरोपातल्या हक्काबद्दल निष्कर्ष काढू नये.

साधने : मोफत साधनांत एस्पेसनेट (१९९८ पासून) कुटुंबे आणि वर्गीकरणासाठी उत्तम. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप आंतरराष्ट्रीय अर्जांसाठी महत्त्वाचे असून, एका भाषेत दिलेला प्रश्न ते इतर भाषांत फिरवून शोधते. गूगल पेटंट्स २००६ मध्ये सुरू झाले. ते झटपट व सोपे असले तरी ‘काहीच सापडले नाही’ असे लिहून देण्यासाठी एकटे पुरेसे नाही. अमेरिकी कार्यालयाचे पेटंट पब्लिक सर्च, जपानचे जे-प्लॅटपॅट, भारताचे इनपास ही राष्ट्रीय साधने ताज्या स्थितीसाठी लागतातच. पैसे घेणाऱ्या सेवांत डरवेंटचा संग्रह वेगळा उठून दिसतो, कारण तिथे तज्ज्ञ प्रत्येक शोधाचे शीर्षक व सारांश सरळ भाषेत नव्याने लिहितात. ‘मखमली कापडा’चे दुखणे तिथे बरेच हलके होते.

रसायनशास्त्राची गोष्ट निराळी. रेणूच्या एका सांगाड्यावर ‘अमुक, तमुक किंवा अलाण्या गटांपैकी कोणताही’ असे म्हणणाऱ्या दाव्यांना १९२४ च्या अमेरिकी प्रकरणावरून मार्कुश दावे म्हणतात. असा एक दावा लाखो संयुगे पोटात घेतो आणि त्यांतल्या बहुतेकांचे नावही मजकुरात नसते. तिथे रेणूची आकृती काढूनच शोधावे लागते.

आंधळ्या जागा : अर्ज साधारणतः प्रायॉरिटी तारखेनंतर १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे आज कितीही कसून शोधले तरी गेल्या दीड वर्षातले अर्ज दिसत नाहीत, आणि त्यांतलाच एखादा उद्या आडवा येऊ शकतो. अमेरिकेत तर नोव्हेंबर २००० च्या अखेरीपूर्वी केलेले अर्ज मंजूर होईपर्यंत गुप्तच राहत, त्यामुळे तिथले नाकारले गेलेले जुने अर्ज कायमचे अंधारात आहेत. जुन्या कागदांचा मजकूर चित्रांवरून यंत्राने वाचून घेतलेला असतो आणि त्यात चुका असतात. अशा काळासाठी वर्गाचाच आसरा. कंपन्यांची नावेही दगा देतात : पूर्ण नाव, आद्याक्षरे, उपकंपनी, विलीनीकरणानंतरचे नाव, शिवाय लिप्यंतराचे प्रकार. पेटंट विकले गेले तरी पहिल्या पानावर जुनाच मालक छापलेला राहतो, त्यामुळे हक्क कुणाचा आणि नूतनीकरणाचे शुल्क भरले आहे का, हे त्या त्या देशाच्या नोंदवहीतच पाहावे.

शिवाय प्रायर आर्ट फक्त पेटंटांत नसते. शोधनिबंध, मानके, कंपन्यांची पत्रके, संकेतस्थळांच्या जुन्या प्रती, हे सगळे चालते. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये दिलेले अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवल्यावर.

अलीकडे वाक्यच्या वाक्य देऊन अर्थाने जवळचे कागद काढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. पहिले धागेदोरे मिळवायला ती झकास आहेत. पण एखादा कागद का आला आणि दुसरा का आला नाही, हे ती नीट सांगत नाहीत, आणि तोच प्रश्न महिन्याने विचारला तर यादी बदललेली असू शकते. अर्ज करण्याआधीची कल्पना कुठल्याही खुल्या साधनात टाकण्यापूर्वी तिथली गोपनीयतेची अट वाचणे भाग आहे.

कामाची नोंद : नवे प्रश्न टाकूनही तेच तेच कागद फिरून येऊ लागले की थांबण्याची वेळ झाली असे मानतात. व्यावसायिक शोधक प्रत्येक वापरलेला संग्रह, तारीख, प्रश्नाची अक्षरशः ओळ, आलेल्या कागदांची संख्या आणि वाचून बाजूला ठेवलेल्यांची कारणे लिहून ठेवतो. हक्कभंगाचा शोध माल बाजारात जाईपर्यंत अधूनमधून पुन्हा चालवावा लागतो. ही नोंद हाताशी असली तर मागच्या तारखेनंतर प्रसिद्ध झालेले कागद तेवढे पाहून भागते.