आरतीत काळजाचं काय होतं?

माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी सकाळपासून आईने स्वयंपाकघरातला ओटा पाच वेळा पुसला. आधीच लख्ख होता. ओलं फडकं, मग कोरडं, मग पुन्हा ओलं, दर वेळी डावीकडून उजवीकडे. निकाल दुपारी लागायचा होता. मी वैतागून म्हटलं, "अगं, आता बास की." तर म्हणाली, "तू गप रे. हाताला काहीतरी हवं."

हे हाताला काहीतरी हवं असणं २०१५ साली चक्क मोजलं गेलं. मार्टिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेक प्रजासत्ताकातल्या प्रयोगशाळेत काही जणांच्या हाताला हालचाल टिपणारी यंत्रं बांधली. त्यांतल्या काहींना सांगितलं की, थोड्या वेळाने तज्ज्ञासमोर भाषण करायचं आहे. मग सगळ्यांना धातूची एक शोभेची वस्तू पुसायला दिली. ज्यांची धाकधूक वाढली होती, त्यांचे हात सैरभैर होतील असं आपल्याला वाटेल. उलट तेच हात जास्त ठरीव झाले. तीच हालचाल, त्याच चालीत, पुन्हा पुन्हा.

आता देवघराकडे बघा. पळीने तीनदा पाणी, निरांजन डावीकडून वर आणि उजवीकडून खाली, प्रदक्षिणा मोजून. मोजणी चुकली तर पहिल्यापासून. धास्तावलेले हात आपण होऊन जे करतात, तेच धर्माने बांधून ठेवलं आहे.

पण याने धास्ती उतरते का? ते बघायला लँग, यान क्राटकी आणि दिमित्रिस झिगालातास हे संशोधक मॉरिशसला गेले, तेही थेट आपल्या मराठी माणसांकडे. १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला या बेटावर जाऊ लागले. त्यांतले मराठी बहुतेक कोकणातले. आज त्यांच्या घरात क्रिओल ही तिथली फ्रेंचवरून घडलेली बोली बोलतात. मराठी उरली आहे ती मुख्यतः शाळेच्या तासाला आणि देवळात. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. भाषा पातळ होत गेली आणि देव टिकले, असं म्हणायला हरकत नाही. किंवा देवांच्या आधाराने जेवढी भाषा टिकली तेवढीच टिकली.

प्रयोग साधा होता. ७५ मराठी हिंदू बायकांच्या हृदयाचे ठोके नोंदवायची सोय केली आणि त्यांना सांगितलं, पूर किंवा चक्रीवादळ आलं तर तुम्ही काय तयारी कराल यावर भाषण तयार करा, सरकारी तज्ज्ञ ते तपासतील. वादळाच्या वाटेवरच्या बेटावर हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मग निम्म्या बायका नेहमीच्या देवळात जाऊन नेहमीची पूजा करून आल्या. बाकीच्या तेवढा वेळ नुसत्या बसून राहिल्या. पूजा करून आलेल्यांनी आपली काळजी कमी झाल्याचं सांगितलं. तोंडाने माणूस काहीही सांगेल, पण त्यांच्या ठोक्यांनीही तीच साक्ष दिली. २०२० मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

ठोक्यांची साक्ष कशी घेतात, ते जरा समजून घेऊ. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. श्वास आत घेतला की ठोके किंचित लवकर पडतात, सोडताना किंचित लांबतात. हे लांबवण्याचं काम व्हेगस नावाची नस करते. ती मेंदूतून निघून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाते. भीतीच्या वेळी तिचा हात सैल पडतो आणि दोन ठोक्यांमधली अंतरं सपाट, एकसारखी होत जातात. माणूस निवांत झाला की त्यांत पुन्हा चढउतार येतो. पूजा केलेल्या बायकांच्या ठोक्यांत हा चढउतार जास्त दिसला.

यात श्वासाचा वाटा किती असेल? इटलीत लुचानो बेर्नार्दी यांच्या गटाने २३ निरोगी माणसांना कधी 'आवे मारिया' ही लॅटिन प्रार्थना, तर कधी 'ओम मणि पद्मे'चा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली. एरवी ती बारा ते वीस असते. सहाच्या आसपास श्वास आणि रक्तदाबाच्या नैसर्गिक लाटा एका तालात येतात. घरच्या आरतीत एका दमात कडवं ओढणारे काका आठवा, म्हणजे लांब उच्छ्वास म्हणजे काय ते कळेल.

मॉरिशसच्या प्रयोगावर माझी एक शंका आहे. नुसतं बसवलं की मन भाषणाभोवतीच घिरट्या घालणार. त्याऐवजी त्या बायका रांगोळी काढत बसल्या असत्या किंवा तांदूळ निवडत बसल्या असत्या तर? आईच्या ओट्याला तर कुठलाच देव लागला नव्हता.

मात्र धर्म एकट्याच्या छातीतच राहत नाही, आणि खरी गंमत तिथून पुढे आहे. मॉरिशसमध्येच तमिळ लोकांची मुरुगन देवाची कावडी निघते. गालातून सुया आरपार, पाठीत आकडे, त्यांना दोऱ्या बांधून रथ ओढत डोंगरावरच्या देवळापर्यंत. झिगालातास यांच्या गटाने मिरवणुकीनंतर लोकांना प्रश्नावली भरण्याचे २०० मॉरिशस रुपये दिले आणि आडोशाला देवळासाठी हवं तेवढं दान करायची सोय ठेवली. साधी सामूहिक प्रार्थना करून आलेल्यांनी सरासरी ८१ रुपये टाकले. सुया टोचून घेतलेल्यांनी १३३. आणि जे नुसते सोबत चालले, बघत राहिले, त्यांनी १६१! यातना एकाच्या, आणि पाझर फुटला तो शेजारच्याला. कावडीत सामील झालेल्यांमध्ये 'आम्ही मॉरिशसचे' ही भावनाही वाढलेली दिसली. ज्या देशाच्या संविधानात हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले असे चार समाज नोंदवून त्यांत समतोल राहावा म्हणून संसदेच्या आठ जागा वाटतात, तिथे ही बारीक गोष्ट नाही. एरवी हीच एकोप्याची ताकद 'आपले' आणि 'ते' अशी भिंतही बांधते. कुठली मिरवणूक काय करेल, हे पुष्कळदा तिच्या पुढे चालणाऱ्यांवर ठरतं.

परत काळजीकडे येऊ. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले. तिथले कोळी शांत खाजणात मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत. हातातल्या कसबावर भागत असे. खुल्या समुद्रात जायचं असलं की मात्र सगळे विधी यथासांग. आपल्या कोळीवाड्यात सोन्याचा नारळ वाहिला जातो तोही भर पावसाळ्यानंतर दर्याला पुन्हा सामोरं जाताना. तळ्यावर गळ टाकणारा कोणी नारळ फोडत नाही.

यावरची सगळ्यात चोख नोंद मला वाटते इस्रायलमधली. २००६ मध्ये लेबनॉनमधून रॉकेटं पडत होती, तेव्हा उत्तरेकडच्या त्सफात गावातल्या बायका स्तोत्रं म्हणत. रिचर्ड सोसिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना गाठून विचारपूस केली. जिवाच्या भीतीत गावातच राहिलेल्यांमध्ये स्तोत्रं म्हणणाऱ्यांची काळजी कमी निघाली. ज्या सुरक्षित गावी निघून गेल्या, त्यांच्या चिंता वेगळ्या होत्या: परक्या घरातली अडचण, पोरांची उस्तवार, रोजची ओढाताण. त्यांनीही तीच स्तोत्रं म्हटली. तिथे काही फरक पडला नाही.