जवळचा ग्रह कुठला? शुक्र म्हणाल तर थांबा

पृथ्वीला सगळ्यात जवळचा ग्रह कुठला हा प्रश्न क्विझमध्ये आला की शाळेतलं पोरगंही झटकन शुक्र म्हणतं आणि मार्क घेऊन जातं. तसं ते चूक नाही, शुक्र जवळ येतो तेव्हा साधारण ४ कोटी किमीवर असतो, एवढं जवळ दुसरं कुणीच येत नाही. पण येतो १९ महिन्यांतून एकदा, मग सूर्याच्या पलीकडे जातो तो पार २६ कोटींवर. दिवाळीला पेढे आणणारा आणि एरवी फोनही न उचलणारा मामा म्हणा. सरासरी काढली तर बाजी मारतो बुध! बुध साडेपंधरा कोटी, शुक्र १७ कोटी, मंगळ तर २५ कोटींच्या वर.

यातली भूमिती मला जाम आवडते. सूर्य-पृथ्वी अंतर १ धरा. ग्रह सूर्याच्याच जागी असता तर कायम १ वर राहिला असता. आता त्याला छोट्या वर्तुळात फिरवा, तो जेवढा आपल्याकडे सरकतो तेवढाच अर्ध्या फेरीनंतर लांब जातो, हिशोब बरोबरीत. पण तो बाजूला, काटकोनात असताना पायथागोरस लावा, कर्ण १ पेक्षा मोठाच येणार आणि त्याची भरपाई कुठेच होत नाही. म्हणून सरासरी वाढते, साधारण त्रिज्येच्या वर्गाच्या चौथ्या हिश्शाने. बुधाच्या वर्तुळाची त्रिज्या ०.३९, म्हणून १.०४. शुक्राची ०.७२, म्हणून १.१३च्या थोडं वर. गंमत म्हणजे नेपच्यूनवरून मोजलं तरी सरासरीने जवळचा बुधच!

आकाशात दिसणारी जवळीकही अशीच फसवी. २१ डिसेंबर २०२० ला गुरू-शनी एकमेकांना चिकटल्यासारखे दिसले आणि लगेच कुणाच्या राशीला काय याची दुकानं उघडली. प्रत्यक्षात दोघांत तब्बल ७३ कोटी किमी होते. शनीचा प्रकाश दीड तासापूर्वी निघालेला, गुरूचा ४९ मिनिटांपूर्वी, म्हणजे दिसत होते ते एकाच क्षणातलेही नव्हते, आता यांची युती कुणाचं लग्न मोडणार?

आणि बुध जवळ म्हणून पटकन पोचू असंही नाही हं. मंगळयान ११ महिन्यांच्या आत पोचलं, पण २०१८ ला बुधाकडे निघालेल्या बेपीकोलंबो यानाचा प्रवास ८ वर्षांचा. सूर्याच्या ओढीने यान सुसाट सुटतं, त्याला आवरायला पृथ्वीजवळून १, शुक्राजवळून २ आणि खुद्द बुधाजवळून ६ चकरा मारायला लागल्या.