स्प्लिट आणि आरस्प्लिट : पत्ता कोणत्या टोकाकडून तोडावा?

सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा पत्ता घ्या : ‘प्लॉट ७, अक्कलकोट रोड, एमआयडीसी, सोलापूर, ४१३००६’. अशा पत्त्यांच्या यादीत डावी बाजू कधीच सारखी नसते; कोणी गाळा, मजला आणि समोरच्या देवळाची खूणही लिहितो, तर कोणी नुसती पेठ लिहून थांबतो. उजवीकडे मात्र शहर आणि पिनकोड ठरलेल्या जागी असतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मजकुराचे तुकडे करणाऱ्या स्प्लिट आणि आरस्प्लिट या दोन आज्ञांतला फरक समजून घ्यायला हे उदाहरण मला सर्वांत योग्य वाटते.

आरस्प्लिट तुकड्यांचा क्रम उलटा करते, हा समज चुकीचा आहे. दोन्हींकडून मिळणारी यादी डावीकडून उजवीकडेच वाचायची असते. बदलते ती फक्त तोडायला सुरुवात करण्याची बाजू. म्हणून किती वेळा तोडायचे हे सांगितले नाही, तर वरच्या पत्त्याचे दोन्ही रीतींनी तेच पाच तुकडे मिळतात. मर्यादा २ दिली की चित्र पालटते. स्प्लिट पहिल्या दोन स्वल्पविरामांवर तोडते आणि ‘एमआयडीसी, सोलापूर, ४१३००६’ हा भाग अखंड ठेवते. आरस्प्लिट शेवटच्या दोन स्वल्पविरामांवर तोडून ‘प्लॉट ७, अक्कलकोट रोड, एमआयडीसी’ एकसंध राखते आणि शहर व पिनकोड वेगळे हाती देते. तुकड्यांच्या सुरुवातीला राहणारी मोकळी जागा स्ट्रिपने काढावी लागते, आणि पत्त्याच्या शेवटी चुकून स्वल्पविराम पडला असेल तर आरस्प्लिटचा अखेरचा तुकडा पिनकोड नसून रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, असतो, म्हणून तो आधी छाटलेला बरा.

मर्यादा न देताही दोघांचे उत्तर क्वचित वेगळे येते. विभाजक, म्हणजे ज्या खुणेवर तोडायचे ती खूण, दोन आडव्या रेघांचा आणि मजकूर तीन रेघांचा असेल, तर स्प्लिट आधी रिकामा तुकडा देते व मग उरलेली रेघ. आरस्प्लिट आधी रेघ देते व मग रिकामा तुकडा.

आरस्प्लिट पायथन २.४ मध्ये, म्हणजे २००४ साली आले; उजवीकडून एकदाच तोडणारे आरपार्टिशन त्यानंतर २.५ मध्ये. एकदाच तोडायचे असेल तर मी आरपार्टिशन पसंत करतो, कारण ते नेहमी तीनच भाग देते : विभाजकाआधीचा मजकूर, विभाजक आणि त्यानंतरचा मजकूर. विभाजक सापडला नाही तर आरस्प्लिटच्या यादीत एकच तुकडा उरतो आणि तो दोन चलांच्या नावांत वाटून घेऊ पाहणारी प्रोग्राममधली ओळ तिथेच त्रुटी देते. आरपार्टिशन मात्र पहिले दोन भाग रिकामे ठेवून सगळा मजकूर तिसऱ्या भागात देते.